अमेरिकेत मुलांसह घर बदलण्याआधी: काउंटीच्या शाळा पत्त्यावरून कशा तपासाव्यात

नोकरी बदलली किंवा घर घ्यायचे ठरले की अमेरिकेतल्या मराठी घरांत पहिला विषय शाळेचा निघतो. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून येते: "लाउडन मस्त आहे", "फेअरफॅक्समध्येच घ्या", "फोर्साइथला सगळे आपलेच लोक आहेत". मग झिलो या घरांच्या संकेतस्थळावर घरासमोरचा शाळेचा आकडा बघायचा, दहापैकी नऊ असेल तर घर बघायला जायचे. एवढ्यावर निर्णय घेतलेल्या घरांना पुढे दोन-तीन वर्षांत त्रास होतो. कारण मूल काउंटीतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातल्या, एका ठरावीक शाळेत जाते, ती शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि तो नऊचा आकडा शाळा काय शिकवते यापेक्षा त्या वस्तीत कोण राहते हेच जास्त सांगतो.

खालची पद्धत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स आणि लाउडन या दोन काउंटींच्या उदाहरणांवर मांडली आहे. दोन्हीकडे मराठी वस्ती मोठी आहे आणि माहिती उघड्यावर मुबलक मिळते. इतर राज्यांत नावे बदलतात, क्रम हाच ठेवावा. सलग बसलात तर एका शनिवार-रविवारात तीन-चार पत्ते नीट तपासून होतात.

आधी डिस्ट्रिक्ट, मग काउंटी

व्हर्जिनिया, मेरीलँड, फ्लोरिडा, आणि बऱ्याच अंशी नॉर्थ कॅरोलायना व जॉर्जिया, इथे काउंटी म्हणजेच स्कूल डिस्ट्रिक्ट, त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी व्यवस्था. मेरीलँडमध्ये तर २३ काउंटी आणि बाल्टिमोर शहर अशा मिळून फक्त २४ शाळा-व्यवस्था आहेत. न्यू जर्सीत चित्र उलटे आहे. तिथे ६०० च्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, गावागणिक वेगळा, त्यामुळे "मिडलसेक्स काउंटीच्या शाळा कशा आहेत" या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. एडिसनची शाळा वेगळी, शेजारच्या गावाची वेगळी. तरीही न्यू जर्सीत काउंटी एका ठिकाणी महत्त्वाची ठरते: बर्गन काउंटी अकॅडमीज किंवा मिडलसेक्स काउंटीच्या मॅग्नेट शाळा (निवडून प्रवेश देणाऱ्या, खास विषयांच्या सरकारी शाळा) त्या-त्या काउंटीतल्या रहिवाशांसाठीच असतात. आठवीत प्रवेशपरीक्षेचा विचार असेल तर काउंटीची रेषा आधी बघा. टेक्सासमध्ये इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट (आयएसडी) शहराच्या हद्दीला जुमानत नाहीत. फ्रिस्को आयएसडीत प्लेनो आणि मकिनीचेही काही भाग येतात.

व्हर्जिनियाची आणखी एक खासियत म्हणजे इथली शहरे काउंटीपासून स्वतंत्र असतात. फॉल्स चर्च शहराची शाळा-व्यवस्था स्वतःची आहे, अलेक्झांड्रियाचीही. पण पोस्टाचा पत्ता "फॉल्स चर्च" किंवा "अलेक्झांड्रिया" असलेली हजारो घरे प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत. शँटिलीचेही तसेच आहे: २०१५१ हा पिनकोड फेअरफॅक्समध्ये, तर साउथ रायडिंगचा २०१५२ लाउडनमध्ये, आणि दोन्हीकडे पाकिटावर शँटिलीच लिहितात. जाहिरातीतल्या गावाच्या नावावर विसंबू नका. मालमत्ता कर कुणाला भरला जातो ते विचारा, म्हणजे घर कुणाच्या हद्दीत आहे ते लगेच कळते.

पत्त्यावरून शाळा

डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते, फेअरफॅक्समध्ये तिला बाउंडरी लोकेटर म्हणतात. घरक्रमांकासकट पूर्ण पत्ता टाका आणि एलिमेंटरी, मिडल, हाय अशी तिन्ही नावे लिहून घ्या. घरांच्या जाहिरातीतली शाळेची नावे जुनी असू शकतात, किंवा फक्त "जवळची शाळा" म्हणून दिलेली असतात. रस्त्याच्या एका बाजूची घरे एका शाळेत आणि समोरची दुसऱ्या शाळेत, हे नेहमीचे आहे.

तिन्ही नावे मिळाली की साखळी बघा. फेअरफॅक्समध्ये एका हायस्कूलला मुले पुरवणाऱ्या शाळांच्या गटाला पिरॅमिड म्हणतात. काही एलिमेंटरी शाळांतली मुले पुढे दोन वेगळ्या मिडल स्कूलमध्ये विभागली जातात. मूल तिसरी-चौथीत असेल तर त्याचे मित्र त्याच्याबरोबर जाणार की नाहीत, हे आजच कळलेले बरे. आणखी एक फरक: फेअरफॅक्समध्ये बहुतेक एलिमेंटरी शाळा सहावीपर्यंत असतात आणि मिडल स्कूल सातवी-आठवीचे. लाउडनमध्ये एलिमेंटरी पाचवीपर्यंत आणि मिडल सहावी ते आठवी. सहावीत जाणारे मूल घेऊन एका काउंटीतून दुसरीकडे गेलात तर ते एकदम मोठ्या शाळेत पडते किंवा परत छोट्या शाळेत येते.

आता सर्वात दुर्लक्षित कागद: कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, बोलताना सीआयपी. डिस्ट्रिक्ट तो दरवर्षी छापते. त्यात प्रत्येक शाळेची क्षमता, आजचा पट आणि पुढच्या काही वर्षांचा अंदाजे पट असा तक्ता असतो. तुमच्या तिन्ही शाळांच्या ओळी शोधा आणि पटाला क्षमतेने भागा. १०५ टक्क्यांच्या पुढे गेले तर सावध व्हा. ११५ च्या पुढे असेल तर मैदानावर ट्रेलर वर्ग, जेवणाच्या सुटीला साडेदहाची पहिली पाळी आणि लवकरच हद्दबदल, या तिन्हींची तयारी ठेवा. उलट ७० टक्क्यांच्या खालची शाळा दिसली तर तिच्याकडे शेजारची वस्ती वळवली जाण्याची शक्यता असते.

हद्दबदल ही उत्तर व्हर्जिनियात केवळ शक्यता राहिलेली नाही. लाउडनमध्ये २०१९ साली इंडिपेंडन्स आणि २०२० साली लाइटरिज ही हायस्कूल लागोपाठ उघडली, आणि नव्या शाळेत मुले येतात ती शेजारच्या शाळांच्या हद्दी कापूनच. फेअरफॅक्सने २०२४ साली धोरण बदलून साऱ्या काउंटीच्या हद्दींचा एकत्रित आढावा सुरू केला आणि यापुढे दर पाच वर्षांनी तो घ्यायचे ठरवले. त्यामुळे "या शाळेसाठी" म्हणून जास्तीचे लाखभर डॉलर मोजताना, ते घर हद्दीच्या काठावर आहे की मधोमध, हे नकाशावर बघाच. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरचे घर सहसा हलवले जात नाही. दोन हद्दींमधल्या पट्ट्यातली नवी टाउनहाउस सर्वात आधी हलतात.

नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत, म्हणजे रॅली आणि कॅरीच्या भागात, आणखी एक अडचण येते. तिथे भरलेल्या शाळांवर नोंदणीची मर्यादा लावलेली असते. नव्याने राहायला आलेल्या मुलाचा पत्ता त्या शाळेच्या हद्दीत असला तरी त्याला ठरवून दिलेल्या दुसऱ्या, दूरच्या शाळेत पाठवतात. शिवाय तिथल्या काही शाळा वर्षभर चालतात: ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुटी, अशा चार पाळ्या. दोन मुले वेगवेगळ्या वेळापत्रकांत पडली तर भारतात जायची सुटी जुळवणे अवघड होते. वेकमध्ये लीजवर सही करण्याआधी "या शाळेवर यंदा कॅप आहे का" हा एकच प्रश्न फोन करून विचारा.

निकाल वाचायचा कसा

प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी. व्हर्जिनियात एसओएल, मेरीलँडमध्ये एमकॅप, जॉर्जियात माइलस्टोन्स, नॉर्थ कॅरोलायनात इयत्ताअखेरच्या ईओजी. एका राज्याच्या टक्केवारीची दुसऱ्याशी तुलना करू नका. व्हर्जिनियाची उत्तीर्ण होण्याची रेषा राष्ट्रीय नॅप चाचणीच्या "प्रोफिशियंट" पातळीच्या बरीच खाली राहिली आहे, त्यामुळे इथले ८० टक्के आणि मेरीलँडचे ५० टक्के यांच्यात कोण पुढे, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. व्हर्जिनियात गुणपट्टी ६०० ची असते, ४०० ला उत्तीर्ण आणि ५०० ला विशेष प्रावीण्य अशी पद्धत चालत आली आहे. आता ही रेषा टप्प्याटप्प्याने वर नेली जात असल्याने पुढच्या वर्षांचे निकाल घसरलेले दिसतील. ती शाळेची घसरण समजू नये.

राज्याच्या "स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स" या पानावर शाळेचे नाव टाका. एकूण टक्केवारीवर थांबू नका, खाली पोटगटांचा तक्ता असतो. त्यातली "आर्थिकदृष्ट्या दुर्बल" ही ओळ सर्वात बोलकी आहे. समजा, पहिल्या शाळेत एकूण ९२ टक्के मुले उत्तीर्ण झाली, पण दुर्बल गटातली फक्त ५८ टक्के. दुसऱ्या शाळेत एकूण ८१, पण दुर्बल गटातली ७४. घरी शिकवणी नाही, आईवडील दोन पाळ्यांत कामाला, अशा मुलांना जी शाळा ७४ पर्यंत नेते, तिथे वर्गात खरोखर शिकवणे चालले आहे. पहिल्या शाळेचे ९२ मोठ्या प्रमाणात घरांतून, आणि स्पष्टच बोलायचे तर कुमॉन आणि रशियन मॅथ या खासगी शिकवण्यांच्या फीमधून आलेले असू शकतात. तुमचे मूल दोन्ही शाळांत कदाचित सारखेच गुण मिळवेल. पण ते अडखळले तर त्याला उचलायची सवय दुसऱ्या शाळेला आहे.

एकाच वर्षाचा आकडा घेऊ नका, निदान तीन वर्षांचे बघा. गट दहा-बारा मुलांचा असेल तर दोन मुलांनी आकडा वीस टक्के हलतो. फारच लहान गटांचे निकाल राज्य झाकूनच ठेवते, ती रिकामी जागा दिसली म्हणून शाळेने काही लपवले असे समजू नका. २०२० च्या वसंतात परीक्षा झाल्याच नाहीत आणि २०२१ मध्ये बरीच मुले बसली नाहीत, म्हणून ती दोन वर्षे तुलनेतून वगळा.

आता गणिताचा एक सापळा जवळून बघा, कारण यात अनुभवी पालकही फसतात. एखाद्या नामांकित मिडल स्कूलचा आठवीच्या गणिताचा निकाल समजा ५५ टक्के दिसतो, आणि त्याच शाळेचा सहावीचा ८५. दोन वर्षांत शाळा मुलांना बिघडवते का? व्हर्जिनियात आठवीत अल्जिब्रा १ घेणारे मूल आठवीच्या गणिताची परीक्षा देत नाही, ते अल्जिब्राची एसओएल देते. जॉमेट्री घेणारे जॉमेट्रीची देते. गणितात पुढे असलेली मुले वरच्या परीक्षेला गेल्यावर आठवीच्या परीक्षेला उरतात ती मागे राहिलेली मुले, आणि ५५ टक्के हा त्यांचाच निकाल असतो. जितकी जास्त मुले पुढे जातात तितका हा आकडा वाईट दिसतो. तेव्हा इयत्तेचा निकाल सोडून परीक्षेनुसार तक्ता काढा आणि अल्जिब्रा १ ला किती मुले बसली व किती उत्तीर्ण झाली ते बघा. आठवीच्या एकूण पटाच्या किती टक्के मुलांनी अल्जिब्रा १ किंवा त्यापुढचे गणित घेतले, हा खरा प्रश्न.

फेअरफॅक्समध्ये याचाच दुसरा अवतार म्हणजे अभ्यासात पुढे असलेल्या मुलांसाठीचा ॲडव्हान्स्ड ॲकॅडेमिक प्रोग्रॅम, बोलीत एएपी. तिसरीपासून पूर्णवेळ चौथ्या पातळीला निवड झालेली मुले आपल्या शाळेतून सेंटर, म्हणजे या मुलांचे वेगळे वर्ग, असलेल्या दुसऱ्या शाळेत जाऊ शकतात. त्यामुळे सेंटर असलेल्या शाळेचा निकाल फुगतो आणि शेजारच्या साध्या शाळेचा उतरतो, शिक्षक दोन्हीकडे तितकेच चांगले असले तरीही. सेंटरचा आकडा बघून घर घेतले आणि मूल निवडले गेले नाही, तर ते त्याच इमारतीत बसेल, पण ज्या मुलांमुळे तो आकडा आला त्यांच्या वर्गात नसेल.

ग्रेटस्कूल्स या संकेतस्थळाचे रेटिंग पूर्ण टाकून द्यायची गरज नाही. एकूण आकड्याखाली निकाल, प्रगती आणि समानता असे उपविभाग असतात, ते वेगवेगळे वाचा. निश या संकेतस्थळावरचे पालकांचे अभिप्राय मात्र वाचून सोडून द्यावेत. तिथे लिहिणारा एकतर फार खूश असतो किंवा फार चिडलेला.

मुले वर्षभरात किती पुढे सरकतात

मूल कुठे आहे यापेक्षा एका वर्षात किती पुढे गेले, हे शाळेचे खरे काम. नॉर्थ कॅरोलायनाच्या रिपोर्ट कार्डवर "अपेक्षेपेक्षा जास्त", "अपेक्षेइतकी", "अपेक्षेपेक्षा कमी" अशी प्रगती स्वतंत्र लिहिलेली असते. तिथल्या शाळेच्या अक्षरी श्रेणीत मात्र ८० टक्के वजन निकालाला आणि २० टक्केच प्रगतीला आहे, म्हणून श्रेणीच्या खालची ती ओळ शोधून वाचा. जॉर्जियात सीसीआरपीआय या गुणांकनात "प्रोग्रेस" हा वेगळा भाग असतो. सगळ्या देशासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट डिस्ट्रिक्टनुसार आणि शाळेनुसार सरासरी गुण आणि वार्षिक वाढ वेगवेगळ्या नकाशांवर दाखवतो. दोन्ही नकाशे शेजारी उघडा. गुण मध्यम पण वाढ जास्त असलेल्या शाळेभोवती घरांच्या किमती सहसा अजून वाढलेल्या नसतात. घर शोधणाऱ्याला याहून कामाची माहिती क्वचितच मिळते.

त्याच प्रोफाइलवर आणखी दोन ओळी वाचा. तात्पुरत्या परवान्यावर शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण किती, आणि सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण किती. वर्षाच्या दहा टक्के दिवस चुकवणारे मूल सतत गैरहजर धरले जाते, म्हणजे १८० दिवसांत १८. हा आकडा वाढत चालला असेल तर शाळेत काहीतरी बिनसले आहे. विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तराचा मात्र फार विचार करू नका. त्यात विशेष शिक्षण, वाचन आणि इंग्रजीचे सगळे शिक्षक मोजलेले असतात, वर्गात प्रत्यक्ष किती मुले बसतात ते त्यावरून कळत नाही. फेअरफॅक्समध्ये गरजू मुले जास्त असलेल्या शाळांना जादा शिक्षक मिळतात, म्हणून कमी रेटिंगच्या शाळेत तुकडी लहान असणे शक्य आहे.

वातावरणाबद्दल जाणून घ्यायचे असेल तर फेअरफॅक्स काउंटी युथ सर्व्हे वाचा. मोठ्या मुलांना ताण, झोप, दादागिरी, व्यसने यांविषयी विचारलेले असते आणि उत्तरे पिरॅमिडनुसार दिलेली असतात. दहावी-बारावीच्या मुलांची उत्तरे वाचल्याशिवाय "टॉप" हायस्कूलच्या मागे लागू नये, असे आमचे ठाम मत आहे. स्कूल बोर्डाच्या सभांची कागदपत्रे बहुतेक ठिकाणी बोर्डडॉक्सवर असतात. तिथे आपल्या शाळेचे नाव टाकून गेल्या दोन वर्षांत कशासाठी चर्चा झाली ते शोधा.

पुढची वाट: गणित, मॅग्नेट, एपी

मूल पाचवीच्या पुढे असेल तर हा भाग निकालाइतकाच महत्त्वाचा. थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे टीजे, या मॅग्नेट शाळेत फेअरफॅक्स, लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन आणि फॉल्स चर्च शहर इथल्या रहिवाशांनाच प्रवेश मिळतो. २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा बंद झाली. आता प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का इतक्या जागा त्या शाळेसाठी राखलेल्या असतात आणि उरलेल्या सर्वांसाठी खुल्या. अर्जाला आठवीत निदान अल्जिब्रा १ आणि ३.५ जीपीए (सरासरी श्रेणीगुण) लागतो. याचा सरळ परिणाम: जिथे शेकडो मुले अर्ज करतात त्या मिडल स्कूलमध्ये राखीव जागांसाठी झुंबड जास्त, आणि शेजारच्या शांत शाळेत कमी. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीविरुद्धचा खटला ऐकायला नकार दिला, तेव्हा ती आहे तशी गृहीत धरा. केवळ टीजेसाठी पत्ता निवडू नका, पण दोन घरे बाकी सगळ्यात सारखी असतील तर हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. लाउडनमध्ये लीसबर्गला अकॅडमीज ऑफ लाउडन हा स्वतःचा पर्याय आहे.

हायस्कूलमध्ये किती एपी विषय, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, आहेत हे माहितीपत्रकात ठळक असते. त्यापेक्षा किती टक्के मुले निदान एक एपी घेतात आणि त्यातली किती तीन किंवा अधिक गुण मिळवतात, ते विचारा. फेअरफॅक्समधली काही हायस्कूल एपी चालवतात, काही आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा अभ्यासक्रम. आयबीत लेखन जास्त. मूल कुठल्या साच्यात बसेल याचा विचार घर घेण्याआधी व्हावा.

दहावीनंतर भारतातून मूल आणत असाल तर पदवीची गोळाबेरीज आधी करा. व्हर्जिनियात साध्या डिप्लोमाला २२ आणि ॲडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला २६ क्रेडिट लागतात, त्यात अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था सक्तीची. नववी-दहावीच्या गुणपत्रिकांबरोबर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमही छापून आणा. तो नसेल तर समुपदेशक गणिताचे आख्खे वर्ष मोजत नाहीत. शाळेत शिकलेली हिंदी-मराठी परभाषेचे क्रेडिट म्हणून धरता येईल का, किंवा परीक्षा देऊन मिळवता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

भाषा, आणि विशेष गरजा असलेली मुले

नोंदणीच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, असा फॉर्म येतो. त्यात मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, बहुतेक राज्यांत विडा नावाची. ती टाळायला "इंग्रजी" लिहायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. इंग्रजी माध्यमातले मूल बहुधा चाचणीत सुटते. न सुटल्यास त्याला फुकट मदत मिळते, आणि ती पालकांना लेखी नाकारताही येते.

मुलाला ऑटिझम, डिस्लेक्सिया किंवा बोलण्याची अडचण असेल तर भारतातला अहवाल उपयोगी पडतो, पण तो आयईपी, म्हणजे मुलाला कोणत्या सेवा मिळणार याची शाळेची लेखी योजना, नव्हे. डिस्ट्रिक्ट स्वतःचे मूल्यमापन करते आणि व्हर्जिनियात त्याला कामकाजाचे ६५ दिवसांपर्यंत लागू शकतात. पहिल्याच दिवशी लेखी, तारीख घालून विनंती द्या, तोंडी सांगितलेल्या दिवसापासून घड्याळ सुरू झाले हे सिद्ध करता येत नाही. अमेरिकेतच एका जागेहून दुसरीकडे जात असाल तर चालू आयईपीला समतुल्य सेवा नव्या डिस्ट्रिक्टने लगेच द्यावी लागते. तुमच्या मुलाला लागणारा वर्ग त्याच शाळेत आहे की बसने दुसरीकडे जावे लागेल, हे शाळेला विचारण्यापेक्षा डिस्ट्रिक्टच्या विशेष शिक्षण विभागाला विचारा.

रोजचे गणित

फेअरफॅक्समध्ये एलिमेंटरीसाठी एक मैल आणि मोठ्या मुलांसाठी दीड मैल यांच्या आत राहणाऱ्यांना साधारणपणे बस मिळत नाही. पाऊण मैल म्हणजे जानेवारीच्या बर्फात रोज चालणे किंवा गाडीच्या रांगेत उभे राहणे. लाउडनमध्ये एलिमेंटरी आठच्या आत भरते आणि हायस्कूल साडेनवाच्या सुमाराला. दोन वयांची मुले असतील तर सकाळ दोनदा होते, आणि धाकटे मूल मोठ्या भावंडाच्या बरेच आधी घरी येते. शाळेनंतरच्या सांभाळाच्या जागा लवकर भरतात आणि प्रतीक्षायादी लांब असते. दोघेही नोकरी करत असाल तर त्या यादीत नाव घालणे घर पक्के झाल्यावरचे पहिले काम.

शाळा बघायला जाताना सभागृह आणि ट्रॉफ्या बघू नका. मुले वर्ग बदलतात तेव्हा दहा मिनिटे मार्गिकेत उभे राहायची परवानगी मागा. ऑफिसात विचारा: माझ्या मुलाच्या इयत्तेत किती तुकड्या, प्रत्येकीत किती मुले, यंदा किती शिक्षक नवे, मुख्याध्यापक किती वर्षे आहेत? गणितात पुढे असलेल्या मुलाला नेमके काय देता? लहान मुलांना वाचायला कसे शिकवता? व्हर्जिनियाच्या २०२२ च्या साक्षरता कायद्यानुसार २०२४-२५ पासून ध्वनी आणि अक्षरांवर आधारित वाचन शिकवणे बंधनकारक आहे, त्यामुळे उत्तर तयार असायला हवे. "प्रत्येक मूल वेगळे असते" एवढेच ऐकायला मिळाले तर पुढचा प्रश्न विचारा. भारतात असाल तर हेच प्रश्न ईमेलने पाठवा. उत्तर किती दिवसांत आणि किती नेमके येते, यावरूनही शाळा कळते.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी

व्हिसा कोणता आहे हे शाळा नोंदणीसाठी विचारू शकत नाही, १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालापासून प्रत्येक मुलाला सरकारी शाळेचा हक्क आहे. लागतो तो राहण्याचा पुरावा: लीज किंवा खरेदीखत, आणि बिले. नुसता मित्राच्या घरचा पत्ता देऊन चालत नाही. मित्राकडे खरोखर राहत असाल तर घरमालकाच्या सहीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

इयत्ता वयावरून ठरते. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण लागतात. व्हर्जिनियात किंडरगार्टनसाठी ३० सप्टेंबरपर्यंत पाच, मेरीलँड आणि जॉर्जियात १ सप्टेंबरपर्यंत, नॉर्थ कॅरोलायनात ३१ ऑगस्टपर्यंत. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल पुण्यात पहिलीत असेल, तर व्हर्जिनियात ते किंडरगार्टनच्या वयाचे ठरते. भांडण्याआधी विचार करा: वर्गातले सगळ्यात लहान मूल होण्यापेक्षा ते बहुधा बरेच असते.

सर्वांत जास्त नोंदणी अडते ती लसींच्या कार्डावर. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस मिळते, त्यात गालगुंड नाही. इथे एमएमआरच्या दोन मात्रा लागतात आणि पहिली मात्रा पहिल्या वाढदिवसानंतरचीच धरली जाते, त्यामुळे नवव्या महिन्यात दिलेली मोजत नाहीत. कांजिण्यांच्या दोन मात्रा लागतात, त्या सरकारी कार्डावर नसतात. व्हर्जिनियात हेपटायटिस ए देखील लागते. १ एप्रिल २०१६ किंवा त्यानंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस अमेरिकेत धरत नाहीत, इंजेक्शनचे लागतात. यातल्या ज्या राहिल्या असतील त्या निघण्याच्या निदान दोन महिने आधी सुरू करा, कारण काही मात्रांत चार आठवड्यांचे अंतर ठेवावेच लागते. सातवीला धनुर्वात-डांग्या खोकल्याची टीडॅप आणि मेनिंजायटिसची लस आणखी. डॉक्टरांकडून इंग्रजीत, महिना अक्षरांत लिहून कार्ड घ्या: ०३/०७ हे इथे सात मार्च म्हणून वाचतात. क्षयाची तपासणी मागितली तर त्वचेवरची चाचणी टाळून रक्ताची करा, लहानपणीच्या बीसीजीमुळे त्वचेची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते.

डिसेंबरच्या सुटीला जोडून महिनाभर भारतात जाण्याचा बेत असेल तर आधी हजेरीचा नियम वाचा. व्हर्जिनियात सलग १५ शालेय दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून काढले जाते, परत आल्यावर नव्याने नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीची मर्यादा असलेल्या काउंटीत तीच शाळा पुन्हा मिळेल याची खात्री नसते.